लाभार्थी कमी झाले, ते गेले कुठे?

पुण्यातल्या, एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या) दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: "अमेरिकेत १९९६ साली कल्याणकारी योजनांचे नियम कडक झाले आणि निर्वासितांनी सरकारी मदत घेणं झपाट्यानं कमी झालं, असं वाचलं. मदत आखडली की माणसं कामाला लागतात, असा निष्कर्ष काढायचा का? आणि प्रबंधासाठी इथे तुलना कशाशी करता येईल?"

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. मी समाजकार्य शिकवणाऱ्या कर्वे इन्स्टिट्यूटची माजी विद्यार्थिनी. लग्नानंतर अमेरिकेत गेले आणि २००९ ते २०२० ओहायोतल्या कोलंबस शहरात, निर्वासितांना वसवणाऱ्या एका संस्थेत केसवर्कर होते. नोकरी मिळाली ती पदवीपेक्षा हिंदीमुळे. त्या वर्षांत नेपाळमधल्या छावण्यांतून भूतानचे नेपाळीभाषक निर्वासित मोठ्या संख्येनं येत होते. त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांना इंग्रजी शून्य, पण हिंदी बऱ्यापैकी कळायची. आणि देवनागरीत लिहून दिलेली चिठ्ठी घरात कोणीतरी वाचायचंच. आता मी कोथरूडला परत आलेय.

तुमच्या प्रश्नातला "कमी झालं" हा शब्द आधी फोडून बघा. यादीतून माणूस तीन वाटांनी बाहेर पडतो. नियम बदलून त्याचा हक्कच जातो. किंवा कमाई वाढते आणि तो मर्यादेच्या वर जातो. किंवा हक्क शाबूत असतो, पण तो घाबरून, गोंधळून किंवा खेटे घालून दमून स्वतःच दूर राहतो. सरकारी तक्त्यात तिघांची नोंद सारखीच होते. तिसरी वाट महाराष्ट्रात वेगळी समजवायला नको. लाडकी बहीण योजनेची पडताळणी सुरू झाली तेव्हा आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींनी महिन्याचे दीड हजार "नकोच ते लफडं" म्हणून सोडायची तयारी केली होती. कारण काय, तर दिराकडे जुनी चारचाकी आहे. दिराचं घर वेगळं, रेशनकार्ड वेगळं. नियमात मावशी पूर्ण बसत होत्या. पण वस्तीत कोणीतरी सांगितलं, "मागचे सगळे पैसे वसूल करणार." झालं.

आता १९९६. बिल क्लिंटन यांनी २२ ऑगस्ट १९९६ रोजी सही केलेल्या त्या कायद्यानं गरीब कुटुंबांची जुनी रोख मदत मोडीत काढली आणि जागी टॅन्फ नावाची योजना आणली. तिच्यात आयुष्यभरात मिळून पाच वर्षांची मर्यादा आणि कामाची सक्ती. परदेशातून आलेल्या कायदेशीर स्थलांतरितांवर तर कुऱ्हाडच कोसळली: नव्यानं येणाऱ्यांना पहिली पाच वर्षं बहुतेक केंद्रीय मदत बंद. निर्वासितांना मात्र यातून मुद्दाम वगळलं होतं. सगळं मागे टाकून आलेल्या माणसाला सुरुवातीला आधार लागतो, हे त्या कडक अमेरिकी काँग्रेसनंही, म्हणजे तिथल्या संसदेनंही, मान्य केलं होतं. त्यांच्यासाठी पहिल्या पाच वर्षांचं दार उघडंच राहिलं.

तरीही काय झालं बघा. अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचे मायकल फिक्स आणि जेफ्री पॅसेल यांनी १९९९ मध्ये १९९४ ते १९९७ या काळाची आकडेवारी मांडली. नागरिकांच्या कुटुंबांत मदत घेण्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं, नागरिक नसलेल्यांच्या कुटुंबांत ३५ टक्क्यांनी, आणि ज्यांना कायद्यानं जपलं होतं त्या निर्वासितांच्या कुटुंबांत ३३ टक्क्यांनी. १९९७ पर्यंत तर कायद्यातली बरीच कलमं जेमतेम लागू होत होती. म्हणजे हक्क गेल्यामुळे ही घट झाली, असं म्हणता येत नाही. अभ्यासक याला "थंडावा पसरणं" (चिलिंग इफेक्ट) म्हणतात. मला तो शब्द फार सभ्य वाटतो. आपल्याकडे त्याला धसका म्हणतात.

निर्वासितांना हा धसका इतरांपेक्षा लवकर का बसतो, हे मला पुस्तकातून नाही, माझ्यासमोर बसलेल्या लोकांकडून कळलं. भूतानच्या १९८५ च्या नागरिकत्व कायद्यानं आणि १९८८ च्या जनगणनेनं दक्षिणेतल्या नेपाळीभाषकांकडे १९५८ साली तिथे राहत असल्याचा पुरावा मागितला. ज्याच्याकडे त्या वर्षाची जमीन-कराची पावती, तो खरा, बाकीचे परके. वर्गवारी झाली, मग हकालपट्टी. पुढची अठरा-वीस वर्षं नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत, बांबूच्या झोपड्यांत. काहींनी त्या पावत्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोलंबसपर्यंत आणल्या होत्या. आता अशा माणसाच्या पत्रपेटीत "आपल्या पात्रतेचा फेरआढावा" असं पाकीट पडलं, तर ते त्याला काय वाटणार? तुम्हाला-मला वीजबिल दिसतं. त्याला जनगणना दिसते.

यात माणसांइतकाच यंत्रणेचाही वाटा असतो, आणि तो बहुतेक निबंधांत सुटतो. १९९६ पूर्वी रोख मदत घेणाऱ्या कुटुंबाला मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, आपोआप मिळायचा. नव्या कायद्यानं ही गाठ सोडवली: रोख मदत थांबली तरी विमा चालू राहू शकतो. कागदावर उत्तम. पण अनेक राज्यांत संगणकाची जुनी आज्ञावली आणि कारकुनांची जुनी सवय दोन्ही एकाच वेळी बंद करत राहिली. आईला नोकरी लागली, रोख रक्कम थांबली, आणि त्याच पत्रानं मुलांचा दवाखानाही गेला. कुटुंबाला वाटलं, नियमच असा असणार. अपील करायचं असतं, हे कळायला आधी चूक झाली आहे हे कळावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. इथे जरा जास्त वेळ घेते.

एसएसआय नावाची योजना ६५ वर्षांवरच्या, अंध किंवा अपंग गरिबांना दरमहा रोख देते. १९९६ च्या कायद्यानं निर्वासितांना ती पाच वर्षं ठेवली, पुढच्याच वर्षी मुदत सात केली. या मुदतीत नागरिक झालात तर मदत चालू, नाहीतर बंद. ऐकायला रास्त वाटतं. आता हिशोब करा. अमेरिकेत आल्यावर एक वर्षानं ग्रीन कार्डचा अर्ज. आल्यापासून पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज. उरली दोन वर्षं. त्यात अर्जाचा प्रवास, बोटांचे ठसे, मुलाखत आणि इंग्रजीतली परीक्षा. वयस्कर लोकांना इंग्रजीतून सूट आहे, पण तिला ग्रीन कार्डवर पंधरा-वीस वर्षं काढलेली असावी लागतात. जो सत्तराव्या वर्षी विमानातून उतरला, त्याला ती सूट पंचाऐंशीला मिळणार. दुसरा मार्ग म्हणजे डॉक्टरांकडून एन-६४८ हा फॉर्म भरून घ्यायचा, की या माणसाला शारीरिक किंवा मानसिक आजारामुळे शिकणं शक्य नाही. नुसतं "वय झालंय, निरक्षर आहे" चालत नाही. आजार आणि न शिकता येणं यांचा संबंध डॉक्टरांनी शब्दांत मांडावा लागतो, आणि घाईत असलेले डॉक्टर तिथे दोन ओळी खरडतात. फॉर्म परत येतो.

माझ्याकडे एक आजोबा होते. २००९ मध्ये आले, तेव्हा बहात्तर वर्षांचे. आयुष्यात शाळेची पायरी चढले नव्हते. भूतानमध्ये संत्र्यांची बाग होती, हे दर भेटीत सांगायचे. त्यांना एसएसआयचे महिना सातशेच्या आसपास डॉलर मिळायचे. २०१६ मध्ये एकट्या माणसाची कमाल रक्कम ७३३ डॉलर होती. त्यातून घरभाड्याचा मोठा हिस्सा निघायचा. २००८ मध्ये एका कायद्यानं अशा वृद्धांना तात्पुरती दोन वर्षं वाढवून दिली होती, पण ती सवलत २०११ मध्ये संपली आणि आमच्या आजोबांच्या वाट्याला आलीच नाही. एन-६४८ दोनदा परत आला. २०१६ मध्ये पैसे थांबले.

पुढे घरात काय झालं ते बघा. मुलगा गोदामात दिवसपाळी करायचा, त्यानं शनिवार-रविवारची दुसरी नोकरी धरली. सून इंग्रजीच्या वर्गाला जात होती, तिनं तो सोडला आणि रात्रपाळी घेतली. नात अकरावीत, आजोबांना दवाखान्यात नेणं, पत्रं वाचणं, धाकट्याला शाळेतून आणणं तिच्याकडे आलं. आता हे कुटुंब सरकारी तक्त्यात भरा: एसएसआय लाभार्थी एकनं कमी, कुटुंबाचे कामाचे तास वाढले, कुटुंबाची कमाई वाढली. तुमच्या प्रश्नातला निष्कर्ष या घरावर तंतोतंत बसतो. सुनेचा सुटलेला वर्ग आणि नातीचे बुडालेले तास यांना त्या तक्त्यात रकानाच नाही.

(आजोबा तिसऱ्या फॉर्मवर नागरिक झाले. शपथविधीला टोपी घालून आले होते, आपल्याकडच्या लग्नातल्या काकांसारखे. मदत पुन्हा सुरू झाली, पण सून काही वर्गाला परतली नाही.)

हा एका घराचा किस्सा झाला, त्यावर धोरण ठरत नाही, असं तुमच्या मार्गदर्शक म्हणतील. बरोबरच आहे. म्हणून डेन्मार्कचा अभ्यास वाचाच. तिथे १ जुलै २००२ पासून नव्यानं परवाना मिळालेल्या निर्वासितांची मदत जवळजवळ निम्मी केली गेली, आधीच्यांची तशीच राहिली. त्यामुळे एकाच देशात, एकाच काळात दोन गट तुलनेला मिळाले. संशोधकाला याहून काय हवं? ख्रिस्तियान डुस्टमान, रास्मुस लॅनर्सो आणि लार्स होयस्गार्ड अँडरसन यांनी या लोकांचा अनेक वर्षं माग काढला. सुरुवातीला रोजगार आणि कमाई खरंच वाढली. मात्र काही वर्षांत तो फरक विरला. बायका श्रमबाजारातून बाहेर पडल्या. मालमत्तेचे गुन्हे, त्यातही दुकानातल्या चोऱ्या वाढल्या. मुलांचं बालवाडीत जाणं कमी झालं, भाषेच्या चाचण्यांत ती मागे पडली आणि एकूण शिक्षणही कमी झालं. दोन वर्षांनी मोजलं असतं तर धोरण यशस्वी, पंधरा वर्षांनी मोजलं तर वेगळंच. प्रबंधात "परिणाम" हा शब्द लिहाल तेव्हा शेजारी कालावधी लिहा.

अमेरिकेतही मेलिसा लोपालो यांचा अभ्यास आहे. राज्याराज्यांत रोख मदतीची रक्कम वेगवेगळी असते, याचा त्यांनी उपयोग केला. जास्त मदतीच्या ठिकाणी वसवलेल्या निर्वासितांची नोकरी लागण्याची शक्यता फारशी घटली नाही, पण पुढे पगार जास्त मिळाला. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या काळात लहान मुलं नसलेल्यांची खास रोख मदत आठ महिन्यांची होती. सहाव्या महिन्यात माणूस समोर येईल ती नोकरी धरतो: मांस कापण्याचा कारखाना, हॉटेलातली साफसफाई. नेपाळच्या छावणीत दहा वर्षं शिक्षक असलेला माणूस एकदा गोदामात लागला की तिथेच मुरतो. आणखी दोन-तीन महिने हातात असते, तर त्यानं शाळेत मदतनिसाचं प्रमाणपत्र मिळवलं असतं.

दुसरी बाजूही मांडते, नाहीतर परीक्षक धरतील. नव्वदचं दशक अमेरिकेत तेजीचं होतं, नोकऱ्या मुबलक होत्या. यादीतून बाहेर पडलेले बरेच जण खरोखर कमावते झाले. हार्वर्डचे जॉर्ज बोरहास यांनी दाखवलं की स्थलांतरितांमधली ही घट मुख्यतः कॅलिफोर्नियात एकवटली होती. ते राज्य बाजूला ठेवलं तर धसक्याचा सिद्धांत बराच लंगडा पडतो. मुद्दा वजनदार आहे. मला मात्र त्यातून उलट दुजोरा मिळतो. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात प्रस्ताव १८७ वर मतदान झालं, कागदपत्रं नसलेल्यांना सरकारी शाळा-दवाखाने बंद करण्यासाठी. न्यायालयांनी तो अडवला, पण प्रचारानं जे व्हायचं ते झालं होतं, धसका बसला होता. आणि ज्यांना निर्वासित म्हणजे तिजोरीवर कायमचं ओझं वाटतं, त्यांच्यासाठी विल्यम इव्हान्स आणि डॅनियल फिट्झगेराल्ड यांचा २०१७ चा हिशोब: १८ ते ४५ या वयात आलेला निर्वासित वीस वर्षांत सरासरी २१,००० डॉलर जास्त कर भरतो, मिळालेल्या मदतीपेक्षा. सुरुवातीला मदत जास्त घेतो, मग ती उतरत जाते. तेव्हा "वापर कमी झाला" हे कडक धोरणाशिवायही घडतच असतं. तुमच्या तक्त्यात आधी हा उतार वजा करा.

धसक्याचा खेळ मी स्वतः पाहिला तो २०१८ नंतर. सरकारी मदत घेणाऱ्याला "सार्वजनिक भार" ठरवून ग्रीन कार्ड नाकारण्याचा नियम विस्तारायचं घाटत होतं. २०१९ मध्ये तो जाहीर झाला, फेब्रुवारी २०२० मध्ये लागू, २०२१ मध्ये मागे. निर्वासितांना हा नियम कायद्यानंच लागू नव्हता; आम्ही नेपाळीत पत्रकं वाटली, देवळात जाऊन सांगितलं. तरी लोक फूड स्टॅम्पचं, म्हणजे अन्नधान्यासाठीच्या सरकारी मदतीचं, कार्ड टेबलावर ठेवून म्हणायचे, "म्याडम, यो बन्द गरिदिनुस्." (मॅडम, हे बंद करून द्या.) नियम येण्याआधी दीड वर्ष!

सध्याचं चित्र त्याहून वेगळं आहे आणि तुमचा प्रबंध त्यावर बेतता येईल. लहान मुलं नसलेल्या निर्वासितांची ती खास रोख मदत १९८० मध्ये ३६ महिन्यांपर्यंत होती, १९९१ पासून आठ, २०२२ मध्ये बारा झाली, आणि मे २०२५ पासून चार महिने. जुलै २०२५ च्या कायद्यानं निर्वासितांना ग्रीन कार्ड मिळेपर्यंत फूड स्टॅम्पमधून वगळलं. मेडिकेडचं दार ऑक्टोबर २०२६ पासून बंद व्हायचं आहे. फरक लक्षात आला का? १९९६ नं सुरुवातीची वर्षं जपली होती आणि कात्री शेवटाकडे लावली होती. आता कात्री पहिल्याच वर्षावर आहे, जेव्हा माणसाला बसचा नंबरही वाचता येत नाही. यावेळी आकडे घटतील त्यात हक्क गेल्याचा वाटा मोठा असेल. धसका त्याच्यावर आणखी.

पुण्याकडे येते. कायद्याशी कायद्याची तुलना करायला जाऊ नका, हाताला काही लागणार नाही. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांचा स्वतंत्र कायदाही नाही. जे आहे ते गटागटानं: तमिळनाडूतल्या छावण्यांत श्रीलंकेच्या तमिळांना राज्याकडून महिन्याची रोख रक्कम आणि स्वस्त तांदूळ, तिबेटी वसाहतींसाठी केंद्राचं २०१४ चं धोरण. योगायोग म्हणजे त्याच १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं अरुणाचलमधल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सांगितलं की जीविताचं संरक्षण नागरिकांपुरतं नाही, प्रत्येक व्यक्तीला आहे. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी कुटुंबांचं उदाहरण मोहात पाडेल, पण ते फाळणीनंतर नागरिक म्हणूनच वसले, १९५४ च्या कायद्यानं नुकसानभरपाईही होती. तो वेगळा विषय आहे.

माझं मत विचाराल तर, यंत्रणा तीच राहील असा गट घ्या: वाघोलीच्या मजूर अड्ड्यावरचे बाहेरच्या राज्यांतले कामगार. ते निर्वासित नाहीत, हे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहा. पण "एक देश, एक रेशनकार्ड" २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत लागू झालं, पुण्यातल्या दुकानातही त्यांना धान्य मिळू शकतं, आणि तरी तिथे मी ज्यांच्याशी बोलले त्यांतले बरेच जण दुकानाकडे फिरकत नव्हते. एक जण म्हणाला, "इधर अंगूठा दिया तो उधर घर का कट जाएगा." नियम तसा नाही. आजोबांच्या पाकिटात आणि या अंगठ्यात मला फार अंतर दिसत नाही.

मुलाखतीत "तुम्ही लाभ का घेत नाही?" असा प्रश्न टाळा, माणूस एकदम बचावात जातो, "गरज नाही" म्हणतो आणि तुमच्या तक्त्यात तो कमावता होऊन बसतो. त्याऐवजी विचारा, "हे बंद होईल असं तुम्हाला कोणी सांगितलं?" आणि "तेव्हा घरात अजून कोणाचं काय बदललं?" दुसऱ्या प्रश्नाला वेळ द्या, शक्य झालं तर घरातल्या बाईला वेगळं विचारा. २०१८-१९ मध्ये मी हे प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून ठेवायचे: आत्येभावाचा फोन, किराणा दुकानदार, नेपाळी यूट्यूबवरचा कोणीतरी, मुलीच्या शाळेतली मैत्रीण. सरकारी पत्र वाचून कार्ड परत करायला आलेला माणूस मला त्या दीड वर्षात एकही भेटला नाही. त्या वह्या माझ्याकडे आहेत. नावं झाकून दाखवते, एखाद्या शनिवारी या.